शिजले केव्हा, वाढले केव्हा

रायपूरच्या गोल बाजारात बारशापासून बाराव्यापर्यंतचे सगळे सामान मिळते, असे इथली माणसे अभिमानाने सांगतात, आणि ते बरेचसे खरे आहे. मालवीय रोड सोडून आत शिरले की किराणा, मसाले, पूजासाहित्य, लग्नाचे सामान आणि भांडी यांची दुकाने एकमेकांना खेटून उभी असतात. पितृपंधरवडा आला की यातल्या भांडेवाल्यांकडे एक ठरावीक गिऱ्हाईक येते. वडिलांच्या किंवा सासूबाईंच्या तिथीला वृद्धाश्रमात काहीतरी द्यायचे असते. मोठे पातेले, झाकणाचे डबे, पन्नास ताटे. भाव ठरतो आणि मग मुख्य काम सुरू होते, ते नाव घालण्याचे. वर 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ', खाली देणाऱ्यांची नावे, जमल्यास गावासकट. कोरणाऱ्याला बजावले जाते की अक्षर मोठे काढा, घासून घासून पुसले जाता कामा नये.

त्या पातेल्यात वरण किती वाजता शिजेल, किती वाजता वाढले जाईल आणि मधले तास कुठे पडून राहील, हे विचारणारे गिऱ्हाईक मी अजून पाहिलेले नाही. अन्नात खुपसून अंश दाखवणारा सळईचा थर्मामीटर काही शे रुपयांत येतो. तो वृद्धाश्रमाला कुणी देत नाही. त्यावर नाव कोरायला जागा नसते.

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराचा दिवस साधारण कसा जातो ते पाहा. तो जेवणाऱ्यांच्या भुकेप्रमाणे आखलेला नसतो आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या सोयीनेही नसतो. संस्था त्यांना जेवढा पगार देते त्या पगारात बसेल तसा तो आखलेला असतो. सकाळी आलेल्या बाई दहा-साडेदहापर्यंत वरण, भात, भाजी, पोळ्या उरकतात, कारण पुढे त्यांना दुसरे घर धरायचे असते. जेवण साडेबारा-एकला. रात्रीचा स्वयंपाक चार-साडेचारला होतो, कारण सहाच्या आत त्यांना निघून स्वतःच्या चुलीपाशी उभे राहायचे असते. जेवायची घंटा साडेसातला. दोन्ही वेळा अन्न दोन ते साडेतीन तास ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, ओट्यावर, झाकणाखाली राहते. झाकले म्हणजे राखले, अशी आपली समजूत. झाकण माशीला अडवते. जंतू आतच असतात.

मग पंगत बसते. चालते-फिरते आजी-आजोबा आधी जेवतात. नंतर ज्यांच्या खोलीत ताट न्यावे लागते ते. सर्वांत शेवटी अंथरुणाला खिळलेले, ज्यांना भरवावे लागते. अर्धांगाच्या माणसाला वाटीभर मऊभात भरवायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. म्हणजे घरातल्या सर्वांत अशक्त जीवाच्या तोंडात सर्वांत जास्त वेळ पडून राहिलेला घास पडतो. हा क्रम कुणी दुष्टाव्याने लावलेला नाही. तो कुणी लावलेलाच नाही, आणि मला जास्त संताप त्याचाच येतो.

शास्त्र फार अवघड नाही. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधला पट्टा अन्नातल्या जंतूंच्या वाढीचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजलेले अन्न वाढेपर्यंत 60 अंशांच्या वर ठेवा, आणि नेहमीच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका. आपल्याच देशाच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने खानपान-सेवेसाठी केलेली तपासणी-यादी याहून कडक आहे. गरम शाकाहारी अन्न 65 अंशांवर, मांसाहारी 70 अंशांवर, थंड पदार्थ 5 अंशांच्या आत. पुन्हा तापवायचे तर गाभ्यापर्यंत 75 अंश आणि तेही किमान दोन मिनिटे. त्या यादीत आणखी एक गोष्ट आहे, जी वाचून मी थबकलो: गार अन्नात गरम पाणी ओतून ते तापवले असे समजू नये. गार झालेल्या वरणात आधणाचे पाणी घालून पंगतीला धाडण्याची आपली सवय नियम करणाऱ्यांना बरोबर ठाऊक होती.

डाळी, उसळी, मांसाचे रस्से मोठ्या पातेल्यात हळूहळू निवू लागले की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूची चंगळ होते. त्याचे बीजाणू शिजवण्यातूनही तगतात आणि अन्न कोमट होताच जागे होतात. त्याला सर्वांत मानवणारे तापमान 43 ते 45 अंशांच्या आसपासचे. रायपुरात मे महिन्यात दुपारचा पारा पुष्कळदा तिथवर चढतो. म्हणजे अशा दुपारी ओट्यावरचे पातेले त्या जंतूच्या आवडत्या ऊबेखाली उतरतच नाही. अनुकूल अवस्थेत हा जंतू 10-12 मिनिटांत दुप्पट होतो. कागदावर हिशेब मांडला तर कोमट पातेल्यात दोन तासांत एकाचे हजारावर. भाताचा शत्रू वेगळा. बॅसिलस सिरियस भातात वाढताना जे उलटी आणणारे विष सोडतो, ते भात पुन्हा फोडणीला टाकून किंवा वाफवून नष्ट होत नाही. रात्रीच्या उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात केला म्हणजे दोष गेला, ही समजूत या विषापुढे कामाची नाही.

यावर इथले कुणीतरी म्हणेलच की छत्तीसगडात पिढ्यान्‌पिढ्या बासी खातात, काय झाले त्यांना? बासी म्हणजे भात पाण्यात बुडवून रात्रभर आंबवणे. आंबल्याने आलेला आंबटपणा बऱ्याच जंतूंना आवर घालतो, आणि ती करणाऱ्या घरांना किती वेळ ठेवायचे, पाणी कसले घ्यायचे, उन्हाळ्यात काय बदलायचे हे हाताला ठाऊक असते. पातेल्यात कोरडा, दडपलेला, कोमट राहिलेला भात ही बासी नव्हे. बासीच्या नावाखाली आपल्या हलगर्जीपणाला परंपरेची शाल पांघरू नये.

आपल्या मराठी स्वयंपाकघरालाही हे ज्ञान नव्हते असे नाही. जुन्या चुलीला वैल, म्हणजे शेजारची जोडचूल, असे. मुख्य चुलीवर पोळ्या चालू असताना वरणाचे भांडे वैलावर सरकवले जाई आणि शेवटची पंगत उठेपर्यंत ते चटका बसेल इतके गरम राही. गॅस आला, धूर गेला, बायकांची फुफ्फुसे वाचली, फार चांगले झाले. वैल मात्र गेला आणि त्याच्या जागी काही आणायचे कुणाला सुचले नाही. सोवळे तेवढे टिकून राहिले. स्वयंपाकघरात कोण शिरले, कुणाचा हात लागला, कांदा-लसूण कुठल्या दिवशी वर्ज्य, यावर वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांच्या बैठकीत अजूनही अर्धा अर्धा तास खर्ची पडतो. तासांचा विटाळ मात्र आपण कधी मानला नाही.

म्हाताऱ्या शरीराचे काय होते? वय वाढते तशी जंतूंशी झुंजण्याची ताकद उतरते. पित्ताची गोळी रोज चालू असेल तर पोटातले आम्ल, म्हणजे जंतूंच्या वाटेवरचा पहिला पहारेकरी, आणखी मंदावलेला असतो. वास आणि चव बोथट झालेली असते, त्यामुळे 'आंबूस लागतंय' हे तिशीतल्या माणसाला पहिल्या घासाला कळते तिथे ऐंशीच्या आजीला कळत नाही. तहानही कमी लागते. तरुण माणूस दोन दिवस हगवणीने हैराण होऊन तिसऱ्या दिवशी कामाला जातो. त्याच अन्नाने आजीच्या अंगातले पाणी संपते, मूत्रपिंडे थकतात, रक्तदाब कोसळतो. आणि मग आपण काय म्हणतो?

'वय झालं होतं.'

या तीन शब्दांइतके सोयीचे प्रमाणपत्र दुसरे नाही. ते डॉक्टरच्या सहीवाचून चालते, मुलाला सुटकेचा निःश्वास देते आणि व्यवस्थापकाला आदल्या रात्रीच्या पातेल्याकडे वळून पाहण्याच्या त्रासातून वाचवते. 2024 च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, सोमठाण्याला, एकादशीच्या भगर-आमटीच्या महाप्रसादातून शेकडो माणसे आजारी पडली. दवाखान्यात जागा पुरेना, रस्त्यावर झोपवून दोरीला बाटल्या टांगून सलाईन लावावे लागले. देशभर बातमी झाली, कारण सगळे गाव एकदम पडले होते. वृद्धाश्रमात सगळे एकदम पडत नाहीत. आज दोघी, परवा एक, पुढच्या आठवड्यात एखादा जातो. तिथे एका मृत्यूचा दुसऱ्याशी संबंध लावणारे कुणी बसलेले नसते. तपासलेच नाही तर सापडणार काय?

तपासले तर काय सापडते, त्याचे उदाहरण दूरच्या देशातले आहे. इंग्लंडमध्ये वेकफील्ड शहरात स्टॅन्ली रॉयड हे मनोरुग्णांचे रुग्णालय होते. तिथले पुष्कळ रुग्ण म्हातारे. 1984 च्या ऑगस्टमध्ये तिथे साल्मोनेलाची साथ आली आणि 19 रुग्ण दगावले. चौकशीत बोट गेले ते शिजवून थंड करायच्या आणि शीतकपाटाबाहेर तासन्‌तास राहून गेलेल्या मांसाकडे. पण खरी लाज पुढेच होती. सरकारी रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांना राजसत्तेची मालमत्ता म्हणून अन्नविषयक कायद्याखाली खटल्यापासून सूट होती. गल्लीतल्या खानावळीवर खटला भरता येई, या स्वयंपाकघरावर नाही. लोकांचा क्षोभ झाला आणि 1986 साली कायदा करून ती सूट काढून घेण्यात आली. 19 माणसे गेल्यावर का होईना, त्या समाजाने 'वय झालं होतं' म्हणून फाइल मिटवली नाही.

आपल्याकडे अशी सूट कायद्याने दिलेलीच नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा 2006 चा आहे. त्यात अन्नव्यवसायाची व्याख्या करताना स्पष्ट म्हटले आहे की नफ्यासाठी असो वा नसो, सार्वजनिक असो वा खाजगी, अन्न शिजवून देणारा प्रत्येक उपक्रम त्यात येतो. धर्मादाय पाटी लावली म्हणून पातेल्याला माफी नाही. ती माफी आपण दिली आहे, मनातल्या मनात, 'सेवा करतात हो, त्यांना काय विचारायचं' असे म्हणून. सेवेला प्रश्न विचारणे आपल्याला पाप वाटते आणि सेवेतून आलेली हगवण प्रारब्ध वाटते.

आणि या सेवेत आपला स्वतःचा वाटा काय असतो? लग्नसराईत रात्री अकरा-साडेअकराला मंगल कार्यालयातून फोन जातो: पन्नास माणसांचे जेवण उरले आहे, फेकायला जीव होत नाही, पाठवून देऊ का? पाठवणारे सात्त्विक समाधानाने झोपतात. ते अन्न संध्याकाळी पाचला शिजलेले असते, सातपासून उघड्यावर मांडलेले असते, शेकडो पाहुण्यांनी त्यात डाव घातलेले असतात, आणि बाराला ते टेम्पोतून वृद्धाश्रमाच्या दाराशी येते. तिथे फ्रिज एकच, तोही दुधाने आणि इन्सुलिनने भरलेला. सकाळी तेच पनीर, तोच पुलाव न्याहारीला. जे अन्न आपण स्वतःच्या नातवाला सकाळी देणार नाही, ते दुसऱ्याच्या आजीला देऊन पुण्य घेतो. उरलेले अन्न वाटण्याविषयी 2019 चे स्वतंत्र विनियम आहेत. असे अन्न कसे ठेवायचे, कसे न्यायचे, कुणी वाटायचे याची बंधने त्यांत घातलेली आहेत. अन्न वाया जाऊ नये हे मलाही पटते. पण वृद्धाश्रम म्हणजे आपल्या अपराधी मनाची कचराकुंडी नव्हे. द्यायचेच असेल तर पहिली पंगत बसण्याआधी वेगळे काढा, वाफाळत असताना झाकून पाठवा. ते कुणी करत नाही, कारण पाहुण्यांना कमी पडले तर अब्रू जाते, आणि म्हाताऱ्यांना जास्त झाले तर कुणाचेच काही जात नाही.

ज्यांचे आईबाप वृद्धाश्रमात नाहीत त्यांनी इथे मान ताठ करू नये. तात्यापारा, बूढापारा, चौबे कॉलनी या आपल्या मराठी वस्त्यांत फिरून पाहा. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला किंवा अमेरिकेत, घरात काका-काकू दोघेच. डबा लावलेला असतो. तो अकराला येतो. दोघांना एका वेळी एक डबा जास्त होतो आणि दोन परवडत नाहीत किंवा परवडले तरी जिवावर येतात, म्हणून अर्धा दुपारी खायचा, अर्धा रात्री. मधे तो टेबलावर असतो, कारण फ्रिजमधले गार दातांना सोसत नाही आणि गॅस पेटवायची काकूंना आता भीती वाटते. रात्री आठला व्हिडिओवर मुलगा विचारतो, 'जेवलीस का आई?' ती हो म्हणते. तिचे हो खरे असते. प्रश्नच अपुरा असतो.

तसे या सगळ्या आज्या स्वयंपाकात तुमच्या-माझ्यापेक्षा हुशार. ज्या बाईने पन्नास वर्षे वीस माणसांचे घर जेवू घातले, दूध नासणार हे नुसते पाहून सांगितले, तिला वृद्धाश्रमात स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची परवानगी नसते. विचारले तर तिला 'खुसपटं काढणारी' म्हणतात. तक्रार केली तर मुलाला फोन जातो, आणि मुलाला फोन गेला की तो म्हणतो, आई, जरा जुळवून घे ना. तेव्हा ती गप्प जेवते. रायपूरच्या मातीत वावरलेल्या माधवराव सप्र्यांनी, मराठी घरातल्या माणसाने, 1901 साली 'छत्तीसगढ़ मित्र'मध्ये 'एक टोकरी भर मिट्टी' ही हिंदी कथा लिहिली. त्यातली बेघर झालेली म्हातारी जमीनदाराकडे आपल्या झोपडीची टोपलीभर माती मागते, कशासाठी, तर त्या मातीची चूल करून रुसलेल्या नातीला भाकरी करून घालण्यासाठी. त्या जमीनदाराला टोपली उचलताना तरी शुद्ध आली. आपण चूल तिच्या हातून काढून घेतली, आता ती किती वाजता विझते हे विचारायचा हक्कही तिच्याकडे ठेवला नाही.

व्यवस्थापकांचे म्हणणे मी ऐकलेले आहे. पैसा नाही. माणसे टिकत नाहीत. निदान दोन वेळा मिळते तरी आहे, नाहीतर हे सगळे रस्त्यावर असते. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी मात्र तोंडावर फेकून द्यावी अशी आहे. 'मिळतंय ना' हा वाक्प्रयोग आपण भिकाऱ्यासाठी राखून ठेवला होता. तो आईबापांपर्यंत कधी आला ते कळलेही नाही.

पैशाचा प्रश्न तर वाटतो तितका मोठा नाही. भात एकदम न करता दोन घाण्यांत करायचा, दुसरा पंगत बसताना उतरवायचा, याला पैसा लागत नाही. जाड भिंतीचा उष्णतारोधक डबा आधी उकळत्या पाण्याने तापवून घेतला आणि मगच त्यात वरण भरले, तर ते कितीतरी जास्त वेळ गरम राहते. पाणी ओतून द्यायला दोन मिनिटे लागतात. उरलेले खोल पातेल्यात न ठेवता परातीत पसरून लवकर निववायचे आणि लगेच फ्रिजमध्ये टाकायचे. अंथरुणावरच्यांचे ताट सर्वांत आधी काढायचे, आणि भरवणाऱ्याने एकावेळी एकच छोटी वाटी घ्यायची, बाकीचे गरम राहू द्यायचे. अर्थात 65 अंशांचे वरण तसेच तोंडात घालायचे नसते. अर्धांगाच्या माणसाला ओठ भाजल्याचेही सांगता येत नाही, तेव्हा वाटीत निववून, स्वतःच्या मनगटावर पाहून भरवायचे. एवढे समजायला पदवी लागत नाही.

पैसा लागतो तो एका ठिकाणी. संध्याकाळी साडेसातपर्यंत थांबणारी दुसरी बाई हवी, आणि तिला तेवढ्या तासांचा प्रामाणिक पगार हवा. इथे सगळ्यांचे हात आखडतात. पंख्यावर नाव टाकता येते, बाकावर टाकता येते, दाराच्या चौकटीवर टाकता येते. बाईंच्या पगारावर टाकता येत नाही. म्हणून वृद्धाश्रमांत पंखे पुष्कळ आणि संध्याकाळी गॅसपाशी माणूस नाही. त्या बाईंना दोष देणाऱ्यांनी आधी त्यांना महिन्याला काय देता ते चारचौघांत सांगावे.

तेव्हा पुढच्या तिथीला देणगी घेऊन जाल, तेव्हा जेवणाच्या वेळेआधी अर्धा तास जा. स्वयंपाकघरात उभे राहून विचारा की हे किती वाजता उतरवले. थर्मामीटर आहे का, रोजचे अंश कुठल्या वहीत लिहिता, अन्न व्यवसायाची नोंदणी कुठे लावली आहे, हे विचारा. नसेल तर थर्मामीटर आणि वही तुम्हीच द्या, आणि उरलेली रक्कम संध्याकाळच्या बाईंच्या पगारासाठी म्हणून तशीच लिहून पावती घ्या. तीन महिन्यांनी न सांगता पुन्हा जा आणि वही पाहा. वही दाखवायला नकार दिला, किंवा सगळ्या रकान्यांत एकाच शाईने एकच आकडा भरलेला दिसला, तर देणगी थांबवा आणि जिल्ह्याच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.